झिजायचं कुणी?
सदर : नटबोल्ट आणि कोड



मागच्या महिन्यात ब्रेक ऑइलवर लिहिलं. त्यानंतर आपल्या युवा गटातल्या एका मुलाचा निरोप आला : "दादा, आता क्लचवर लिहा. जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेतलीय, क्लच संपलाय. एक गॅरेजवाला म्हणतो ओरिजिनल टाका. दुसरा म्हणतो सिंगल मास करून टाका. तिसरा म्हणतो रेसिंग क्लच बसवा, पुन्हा बघायलाच नको. कुणाचं ऐकू?"

तिघांचंही ऐक. फक्त ऐकताना प्रत्येकाला एकच प्रश्न विचार : हा भाग बसवला, तर पुढे झिजणार कोण? क्लच आणि फ्लायव्हील निवडण्याचं बरंचसं शास्त्र या एका प्रश्नात येतं. माझ्याकडेही तीच गाडी आहे आणि याच वर्षी मी हा सगळा हिशेब मांडला, त्यामुळे आकडे अजून डोक्यात ताजे आहेत.

ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. ऑक्टाव्हिया आरएस आपल्याकडे 2004 साली आली. 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 150 पीएस शक्ती, 210 न्यूटन-मीटर टॉर्क, पाच गिअर, सगळे हाताने टाकायचे. युरोपात याच नावाची गाडी 180 पीएसची होती. भारतातल्या ऑक्टाव्हियाची जुळणी औरंगाबादजवळच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या, शेंद्र्याच्या कारखान्यात होत असे. चार दारं आणि लग्नाच्या बॅगा मावतील एवढी डिकी असल्यामुळे कट्टर लोक हिला स्पोर्ट्स कार म्हणणार नाहीत. पण मी शाळेत असताना अलकापुरीतून एक पिवळी आरएस जाताना पाहिली होती आणि तेव्हापासून माझ्या दृष्टीने तो वाद मिटलेला आहे.

आधी रोग ओळखा

क्लच खरंच गेलाय का, हे गॅरेजला जायच्या आधी स्वतः पाहता येतं. मोकळ्या हायवेवर गाडी चौथ्या गिअरमध्ये 2000 फेऱ्यांवर चालवा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. टॅकोमीटरचा काटा उडी मारून वर गेला आणि स्पीडोमीटर मात्र मागेच रेंगाळला, तर क्लच घसरतोय. टर्बो इंजिनात पूर्ण टॉर्क पावणेदोन हजार फेऱ्यांपासूनच मिळतो. वरच्या गिअरमध्ये गाडीचा वेग पटकन वाढत नाही, म्हणून घसरण तिथे आधी दिसते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सगळं ठीक वाटत राहतं.

आवाजाचंही असंच. इंजिन बंद करताना किंवा सुरू होताना क्षणभर खडखड झाली, तर संशय फ्लायव्हीलवर. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली, तर रिलीज बेअरिंगवर. पेडल सोडलेलं असताना न्यूट्रलमध्ये आवाज येतो आणि दाबलं की थांबतो, तर गिअरबॉक्सच्या आत लक्ष द्यायला हवं. "आवाज येतोय" एवढंच सांगण्यापेक्षा आवाज कधी येतो आणि कधी थांबतो हे सांगितलं, तर मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचतो. आमच्या धंद्यात याला नीट लिहिलेला बग रिपोर्ट म्हणतात.

जातं आणि दोन थाळ्या

फ्लायव्हील म्हणजे काय हे आजीच्या जात्यावरून सहज कळतं. जात्याला हाताचा जोर सतत लागत नसतो. खुंटा आपल्याकडे ओढताना एक झटका बसतो, पुढचा अर्धा फेरा जड पाळू आपल्या वजनावर काढते. इंजिनाचंही तसंच आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात. आयडलिंगला, 900 फेऱ्यांवर, सेकंदाला 30 धक्के. मधल्या वेळात क्रँकशाफ्ट फिरती ठेवायचं काम त्या जड चकतीचं.

क्लच या चकतीला चिकटतो. एका बाजूला फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगने दाबणारी प्रेशर प्लेट, मध्ये दोन्ही बाजूंना अस्तर असलेली क्लच प्लेट. पेडल सोडलं की सँडविच घट्ट होतं आणि इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला मिळते.

पण जड चकतीनेही इंजिनाचे धक्के पूर्ण विरत नाहीत. ते पुढे गिअरबॉक्समध्ये जातात आणि तिथे मोकळे फिरणारे गिअर एकमेकांवर कडकड आपटू लागतात. पूर्वी यावर उपाय म्हणून क्लच प्लेटच्या मधोमध छोट्या स्प्रिंगा बसवत. मग 1985 साली जर्मनीतल्या लुक कंपनीने ड्युअल मास फ्लायव्हील मोठ्या प्रमाणावर बाजारात आणलं. एका जड चकतीऐवजी दोन, एकमेकींवर ठेवलेल्या थाळ्यांसारख्या, आणि मध्ये ग्रीसमध्ये बुडालेल्या लांब कमानदार स्प्रिंगा. पहिली थाळी इंजिनाबरोबर धक्के खात फिरते, दुसरी गिअरबॉक्सबरोबर शांत फिरते. या रचनेचा थरथरण्याचा बिंदू आयडलिंगच्या खाली ढकललेला असतो, म्हणून चालत्या गाडीत तो जाणवत नाही. गाडी सुरू-बंद करताना मात्र इंजिन त्या बिंदूवरून जातं. स्प्रिंगा दमल्या की नेमकी तेव्हाच खडखड ऐकू येते, ती यामुळे.

आरएसमध्ये हेच ड्युअल मास फ्लायव्हील आहे. धक्के पोटात घेऊन ते स्वतः झिजतं, कारण ते त्याचं कामच आहे. एक लाख तीस हजार किलोमीटरनंतर ते थकलं तर त्यात कुणाचा दोष नाही.

क्लच हा फ्यूज आहे

आता गणित. क्लच किती टॉर्क पेलू शकतो याचं सूत्र सोपं आहे : घर्षणांक गुणिले दाब गुणिले दोन (अस्तराच्या दोन बाजू) गुणिले सरासरी त्रिज्या. गोल आकडे घेऊ. घर्षणांक 0.3, दाब 5000 न्यूटन, त्रिज्या 9 सेंटिमीटर. उत्तर येतं 270 न्यूटन-मीटर. 210 च्या इंजिनासाठी एवढी शिल्लक चांगली.

क्लच "मजबूत" करायचा म्हणजे याच सूत्रातला एखादा आकडा वाढवायचा, आणि प्रत्येक आकड्याची किंमत वेगळी. दाब वाढवला की पेडल जड होतं. घर्षणांक वाढवला, म्हणजे सेंद्रिय अस्तराऐवजी सिरॅमिक-धातूची बटणं लावली, की क्लच हळूहळू पकडत नाही, एकदम चावतो. त्रिज्या वाढवायची तर मोठं फ्लायव्हील हवं. प्लेटा वाढवायच्या तर खिसा मोठा हवा. फुकट काहीच नाही.

सिरॅमिक म्हटलं की मुलांना रेसिंग आठवतं. प्रत्यक्षात अशी बटणं मोठ्या ट्रकांतही असतात. आपल्या बडोद्याहून गोध्र्याच्या रस्त्याला कालोल लागतं, तिथे लाइप नावाने ट्रकचे क्लच बनतात. चाळीस टनांचा बोजा ओढणाऱ्या गाडीला अशी पकड शोभते. मांडवीच्या गर्दीत इंच इंच सरकणाऱ्या गाडीला ती शिक्षा आहे.

पण पेडलच्या त्रासापेक्षा मोठा मुद्दा वेगळाच. घरात फ्यूज वारंवार उडतो म्हणून कुणी जाड तार घातली, तर फ्यूज उडायचा थांबतो. पुढच्या वेळी वायरिंग जळतं. क्लचचं अगदी तसं आहे. ॲक्सिलरेटरवर पाय जोरात पडला, चाक खड्ड्यातून सुटून एकदम रस्त्याला लागलं, तर होणारा झटका क्लच थोडासा घसरून खाऊन टाकतो. तो घसरलाच नाही तर झटका पुढे जातो : गिअरच्या दातांवर, डिफरन्शियलवर, ड्राइव्ह शाफ्टवर. आरएसच्या जातीच्या गिअरबॉक्समध्ये डिफरन्शियलचं मोठं चाक रिव्हेटने बसवलेलं असतं. या रिव्हेटा तुटून गिअरबॉक्सच्या कवचाला आतून भोक पाडू शकतात, हे जगभरच्या या गिअरबॉक्सवाल्यांना ठाऊक आहे. म्हणूनच ताकद वाढवणारे लोक आधी गिअरबॉक्स उघडून रिव्हेटांच्या जागी बोल्ट घालतात.

क्लच आजही मिळतो. वीस वर्षं जुना धड गिअरबॉक्स मिळवायला मात्र भंगारबाजार पालथे घालावे लागतात. मग साखळीतली कमजोर कडी कुठली असावी? जी स्वस्त आहे आणि मिळते ती.

हलकं फ्लायव्हील : किती फायदा?

सिंगल मासचा सल्लाही चुकीचा नाही. या इंजिनासाठी जगभर एक प्रसिद्ध जोडी वापरतात : फोक्सवॅगनच्या जुन्या कोराडो जी60 चं एकसंध फ्लायव्हील आणि व्हीआर6 इंजिनाचा 228 मिलिमीटरचा क्लच. दोन्ही मूळ कारखान्याचे भाग, सरळ बसतात, जास्त टॉर्क पेलतात आणि झिजणाऱ्या स्प्रिंगा फ्लायव्हीलमध्ये नसतात. रीमॅप करून टॉर्क अडीचशेच्या पुढे नेणाऱ्यांसाठी हा शहाणा पर्याय आहे. फक्त एक पक्कं लक्षात ठेवायचं. ड्युअल मासबरोबर येणाऱ्या क्लच प्लेटमध्ये स्प्रिंगा नसतात, कारण ते काम फ्लायव्हील करतं. एकसंध फ्लायव्हील लावलं की प्लेट स्प्रिंगवालीच हवी. काही ठिकाणी थकलेलं ड्युअल मास वेल्डिंग करून "सिंगल" करून देतात आणि वर जुन्याच जातीची बिनस्प्रिंगची प्लेट चढवतात. म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये धक्का घेणारं कुणीच उरलं नाही. हा जुगाड करू नका, कितीही स्वस्त पडला तरी.

आणि हलकेपणाचा फायदा? समजा फ्लायव्हीलमधून 4 किलो कमी केले आणि त्याची त्रिज्या 13 सेंटिमीटर आहे. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे साधारण 13 फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. हिशेब केला तर पहिल्या गिअरमध्ये गाडी सुमारे 60 किलोने हलकी झाल्यासारखी वाटते, म्हणजे एक माणूस खाली उतरला. पाचव्यात इंजिनाचे साधारण तीनच फेरे लागतात, त्यामुळे तिथे फायदा तीन-साडेतीन किलोंचा. म्हणजे पाण्याची छोटी कॅन उतरवली.

म्हणून हलकं फ्लायव्हील घाटात, ट्रॅकवर, सतत गिअर बदलताना मजा देतं. इंजिन चटकन चढतं, चटकन उतरतं. पण जात्याची पाळू हलकी केली की दळणाऱ्या हाताला जास्त कष्ट, तसं सिग्नलवरून निघताना इंजिन बंद पडू नये म्हणून पायाला जास्त लक्ष द्यावं लागतं. शिवाय उष्णता शोषायला धातूही कमी राहतो. ही उष्णता किती? 1400 किलोची गाडी क्लच घसरवत 10 किलोमीटर वेगापर्यंत आणली तर साधारण साडेपाच किलोज्यूल. तीच गाडी 5000 फेऱ्यांवर क्लच सोडून, घसरवत 40 पर्यंत नेली तर सुमारे 86. वेग चौपट, उष्णता सोळापट. मित्रांसमोर केलेली एक "लॉंच" आणि सिग्नलवरून सोळा वेळा शांतपणे निघणं, क्लचच्या वहीत दोन्ही सारखेच.

लेथ मशीनचा मोह

इथे एका गोष्टीवर मी जरा कडक बोलणार आहे. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत उत्तम लेथ कारागीर आहेत. त्यांच्या हातात मायक्रॉन बसलेला आहे. त्यामुळे "कशाला बाहेरून मागवता, आपलंच फ्लायव्हील घासून हलकं करू" हे वाक्य कानावर येतंच.

एकसंध फ्लायव्हीलचा पृष्ठभाग चरे जाण्यापुरता हलकासा घासणं वेगळं. ते कारखान्याने दिलेल्या मर्यादेत चालतं. कास्ट आयर्नचं फ्लायव्हील मागून कोरून दोन-तीन किलो काढणं ही मात्र जिवाशी गाठ आहे. 6500 फेऱ्यांवर 13 सेंटिमीटर त्रिज्येच्या कडेचा वेग ताशी सुमारे 320 किलोमीटर असतो. तिथल्या प्रत्येक कणावर गुरुत्वाकर्षणाच्या सहा हजार पटींहून जास्त ओढ असते. कडेवरचा 10 ग्रॅमचा तुकडा 60 किलोच्या जोराने बाहेर पडायला बघत असतो. कास्ट आयर्न ओढीला कच्चं, त्यात उष्णतेच्या बारीक भेगा. ते फुटलं तर ॲल्युमिनियमचं कवच त्याला अडवू शकत नाही, आणि फायरवॉलच्या पलीकडे कुणाचे तरी पाय असतात. अमेरिकेत रेसिंगसाठी एसएफआय या संस्थेचं क्लच-फ्लायव्हीलच्या ताकदीचं वेगळं मानक आहे, ते उगीच नाही. हलकं हवंच असेल तर पोलादाचं, त्यासाठीच बनवलेलं, संतुलन करून आलेलं घ्या. कारागिराच्या हातावर माझा विश्वास आहे, त्या जुन्या धातूवर नाही.

ड्युअल मासला तर लेथ लावायचाच नाही. ते बदलायचं किंवा तसंच ठेवायचं.

घरातला निर्णय

आमच्या गाडीला चालक तीन. मी शनिवार-रविवार, बायको आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला, आणि बाबा अधूनमधून रावपुऱ्यात बँकेच्या कामाला. स्प्रेडशीट मी केली होती : किंमत, टॉर्क, वजन, मागवायला लागणारे दिवस. बायकोने ती वाचून विचारलं, "यात पेडल किती जड होईल याचा रकाना कुठाय? सिग्नलवर गाडी बंद पडली तर मागचे हॉर्न मी ऐकणार आहे."

मग आम्ही तिघे अहमदाबादला एका मित्राकडे गेलो. त्याच्या गाडीत हलकं सिंगल मास आणि जड प्रेशर प्लेट आहे. गाडी अप्रतिम पळते, मी खुश. बायकोने दोन चौक पार केले, शांतपणे किल्ली परत दिली. बाबा न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीजवळ कान देऊन म्हणाले, "ही आजारी आहे का रे?" आजारी नव्हती. धक्के शोषणारं कुणी नसल्यामुळे गिअरबॉक्सचे मोकळे गिअर वाजत होते, एवढंच. त्या मित्राला तो आवाज आवडतो. त्याची गाडी तो एकटाच चालवतो, महिन्यातून एकदा ट्रॅकवर नेतो, गिअरबॉक्समध्ये बोल्ट घालून घेतलेत. त्याची निवड त्याच्यासाठी बरोबरच आहे.

परत आल्यावर मकरपुऱ्याच्या उस्तादांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "साहेब, गाडी चलाववी छे के बताववी छे?"

चालवायची होती. इंजिन आम्ही कारखान्याने दिलं तसंच ठेवणार आहोत. गिअरबॉक्स जपायचा आहे. तेव्हा मूळ पद्धतीचं नवं ड्युअल मास फ्लायव्हील आणि सेंद्रिय अस्तराचा क्लच, असा सेट ठरला. तिन्ही पर्यायांत हा महाग होता, हे लपवत नाही. पण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तिन्हीकडे सारखीच. आणि दर सव्वा-दीड लाख किलोमीटरला धक्के खाणारा एक भाग बदलणं, हे गिअरबॉक्स गमावण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

थोडक्यात सांगायचं तर : इंजिन मूळ ताकदीचं आणि गाडी घरात सगळे चालवतात, तर ड्युअल मास. रीमॅप केलंय, आवाज चालतो, तर जी60-व्हीआर6 सारखं योग्य वजनाचं सिंगल मास आणि स्प्रिंगची सेंद्रिय प्लेट. अतिहलकं फ्लायव्हील आणि सिरॅमिक बटणं फक्त ट्रॅकच्या गाडीला, तेही गिअरबॉक्स मजबूत केल्यानंतर.

बसवताना आणि नंतर

गिअरबॉक्स एकदा खाली उतरला की आजूबाजूची छोटी कामं त्याच मजुरीत होतात. रिलीज बेअरिंग नवंच घाला. क्लचचा फोर्क आणि तो ज्यावर टेकतो ती गोळी तपासा. इंजिनाचं मागचं ऑइल सील आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील पाहा. तिथून तेल गळून नव्या अस्तरावर आलं तर नवा क्लचही घसरणार. स्लेव्ह सिलिंडर ओला दिसला तर बदला. गिअर ऑइल नवं भरा. फ्लायव्हीलचे बोल्ट पुन्हा वापरू नका. ते आवळताना ताणले जातात : ठरलेल्या टॉर्कपर्यंत आवळून वर पाव फेरा. ते एकदाच वापरायचे असतात. फ्लायव्हीलची जात बदलली तर बोल्टची लांबीही त्याप्रमाणे तपासून घ्या.

जुनं ड्युअल मास ठेवायचं की नाही, हे ते हातात आल्यावरच ठरवा. वरची थाळी हाताने थोडी फिरते, ते ठीक आहे. किती फिरावी याची मर्यादा प्रत्येक भागासाठी बनवणाऱ्याने दिलेली असते. थाळी बाजूला डुलत असेल, ग्रीस बाहेर आलं असेल, पृष्ठभागावर निळे डाग किंवा भेगा असतील, तर चर्चा संपली.

पहिले 800 किलोमीटर शांतपणे, शहरातच चालवा. हायवेवर क्लच दाबलाच जात नाही, मग अस्तर बसणार कसं? त्यानंतरच्या सवयी आयुष्यभराच्या. पाय पेडलवर ठेवून गाडी चालवू नका. पावागडला माचीच्या चढावर रांगेत थांबलात तर हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नका, हँडब्रेक त्यासाठीच आहे. आणि पेट्रोल वाचवायच्या नादात पाचव्या गिअरमध्ये 40 ने धापा टाकत जाऊ नका. कमी फेऱ्यांवर जोर मागितला की सगळ्यात मोठे धक्के त्या कमानदार स्प्रिंगांना बसतात. गिअर खाली टाका, इंजिनाला श्वास घेऊ द्या.

पुढच्या महिन्यात टर्बो. ज्यांना टर्बोची शिटी आवडते त्यांनी आपापले प्रश्न मंडळाच्या ग्रुपवर टाकून ठेवा. आवाज कधी येतो आणि कधी थांबतो, हे लिहायला विसरू नका.